पाणी मागितले, ‘डिमांड’ केले नाही

वाचक भगिनीचे पत्र, संक्षेपाने: मी मूळची सांगली जिल्ह्यातील असून गेल्या दीड वर्षापासून इंग्लंडमधील एका रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करते. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. गेल्या महिन्यात रात्रपाळीत एका वृद्ध रुग्णाने दोन वेळा पाणी मागितले, म्हणून मी नोंदीत ‘पेशंट डिमांडेड वॉटर ट्वाइस’ असे लिहिले. सकाळी वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेने मला बाजूला बोलावून ‘हे गृहस्थ तुमच्याशी उद्धटपणे वागले का?’ असे विचारले. ते तर अतिशय सौम्य स्वभावाचे आहेत. शब्दकोशात ‘डिमांड’चा अर्थ ‘मागणे’ असाच दिलेला आहे. त्या दिवसापासून मी धास्तीने सगळीकडे ‘रिक्वेस्ट’ लिहू लागले, पण काही वाक्यांत तेही सहकाऱ्यांना विचित्र वाटते. ‘आस्क’ हा शब्द मला फार शाळकरी वाटतो. समानार्थी शब्दांच्या यादीत ‘इन्क्वायर’, ‘क्वेश्चन’, ‘क्वेरी’ असे पुष्कळ शब्द दिसतात. त्यांतून निवड कशी करावी? आणि माझी ती नोंद अजून तशीच आहे, तिचे काय करावे?

उत्तर:

स. न. वि. वि.

आपल्या पत्रातील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर मी शेवटीच देणार आहे, कारण ती नोंद कशी दुरुस्त करावी हे ठरवण्याआधी तिच्यात नेमके काय चुकले ते नीट समजून घेतले पाहिजे.

आपण शब्दकोश पाहिला आणि शब्दकोशाने आपल्याला खोटे सांगितले नाही. त्याने अर्धेच सांगितले. मराठीतील ‘मागणे’ या क्रियापदाचा पैस फार मोठा आहे. ज्ञानेश्वरांनी पसायदान मागितले, बहीण ओवाळणी मागते, शेजारीण वाटीभर साखर मागते, मुलीला मागणी घातली जाते आणि मोर्चा सरकारकडे आपल्या मागण्या मांडतो. या सगळ्यांत शब्द एकच आहे. मागणारा हात जोडून उभा आहे की मूठ आवळून, हे तो शब्द सांगत नाही. ते आपल्याला प्रसंगावरून, स्वरावरून आणि मागणाऱ्याच्या नात्यावरून कळते. इंग्रजी ‘डिमांड’ मात्र मागणाऱ्याची मुद्राही आपल्याबरोबर घेऊन येतो. म्हणून मोर्चाच्या मागण्यांना ‘डिमांड’ हा शब्द अगदी बरोबर बसतो आणि तोच शब्द साखरेच्या वाटीला किंवा पाण्याच्या पेल्याला लावला की बोलणाऱ्याचा स्वभावच बदलून जातो.

मी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले आणि आरंभीच्या काळात फळ्यावर ‘डिमांड म्हणजे मागणे’ असे मी स्वतः लिहिलेले आहे. त्या वर्गातील कोणी विद्यार्थी पुढे आपल्यासारख्या अडचणीत सापडला असेल तर त्यात माझाही वाटा आहे, आणि म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर लिहावे असे मला वाटते.

‘डिमांड’चा नेमका भाव समजण्यासाठी आपल्या परिचयाची एक वस्तू आठवा. बँकेचा डिमांड ड्राफ्ट. तो योग्य रीतीने सादर केला की त्यावरील रक्कम मागताक्षणी द्यायची असते. देणाऱ्याच्या मर्जीचा तेथे प्रश्न नसतो. थकबाकीसाठी येणाऱ्या डिमांड नोटिशीतही हाच भाव आहे. जो ‘डिमांड’ करतो, तो आपला हक्क सांगत असतो किंवा दबाव आणत असतो, आणि समोरच्याला नकार देण्यास जागा ठेवत नाही. हक्क खरा असेल तर हा शब्द करारी वाटतो, नसेल तर उर्मट वाटतो. मात्र कर्ता माणूस नसून एखादी गोष्ट असली, तर त्यातील ही धार नाहीशी होते: ‘धिस जॉब डिमांड्स पेशन्स’ म्हणजे या कामाला चिकाटी लागते, एवढेच. या शब्दाचे मूळ लॅटिनमधील सोपवणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. फ्रेंचमध्ये त्याचे ‘दमांदे’ झाले आणि त्या भाषेत त्याचा अर्थ आजही साधे विचारणे किंवा मागणे असाच आहे. त्यामुळे इंग्रजी नव्याने लिहिणाऱ्या फ्रेंच माणसाकडूनही नेमकी आपल्यासारखीच चूक होते. फ्रेंचमधून इंग्रजीत आल्यावर कायद्याच्या आणि वसुलीच्या व्यवहारात हा शब्द वापरला गेला आणि तेथे तो ताठ झाला.

आता आपली नोंद एखाद्या इंग्रज परिचारिकेच्या डोळ्यांनी वाचा. तिला त्या वाक्यात दिसतो तो आवाज चढवणारा, घंटी वारंवार दाबणारा, कर्मचाऱ्यांना नोकरासारखे वागवणारा रुग्ण. तेथे ‘डिमांडिंग पेशंट’ हा शब्दप्रयोग प्रचलित आहे आणि तो स्तुतीसाठी वापरत नाहीत. याहून गंभीर गोष्ट अशी की, रात्री दोन वेळा तहान लागणे ही रुग्णाच्या प्रकृतीविषयीची माहिती आहे आणि एखादा डॉक्टर ती वाचून रक्तातील साखर किंवा शरीरातील पाण्याचे प्रमाण तपासण्याचा विचार करू शकतो. ‘डिमांडेड’ लिहिल्याबरोबर वाचणाऱ्याचे लक्ष तहानेवरून स्वभावाकडे वळते. प्रमुख परिचारिकेने आपल्याला जो प्रश्न विचारला, तो याचाच पुरावा आहे. तिने पाण्याविषयी काही विचारले नाही, वागणुकीविषयी विचारले.

तर मग काय लिहायला हवे होते? ‘द पेशंट आस्क्ड फॉर वॉटर ट्वाइस.’ जो शब्द आपल्याला शाळकरी वाटतो, तोच. ‘आस्क’ सोपा आहे म्हणून तो कमी दर्जाचा आहे, हा समज आपल्याकडच्या परीक्षांनी रुजवला असावा. अवघड शब्द वापरला की गुण अधिक मिळतात असे मुलांच्या मनात लहानपणीच ठसते. इंग्लंडमधील न्यायाधीश निकालपत्रात ‘आस्क’ लिहितात, खासदार सभागृहात मंत्र्यांना ‘आस्क’ करतात आणि नामांकित वृत्तपत्रांचे अग्रलेखही तोच शब्द वापरतात. या शब्दाचा गुण असा की, तो मागणाऱ्याविषयी कोणताही शेरा मारत नाही. रुग्णाच्या नोंदीत आपल्याला हाच तटस्थपणा हवा असतो.

‘आस्क’ची अडचण त्याच्या अर्थात नाही, त्याच्या शेपटात आहे, आणि मराठी माणूस तेथेच अडखळतो. आपण दोन क्रियापदे वापरतो: माहिती हवी असेल तर ‘विचारणे’ आणि वस्तू हवी असेल तर ‘मागणे’. इंग्रजीत ही दोन्ही कामे एकटे ‘आस्क’ करते आणि त्यांतील भेद पुढे येणाऱ्या छोट्या शब्दाने दाखवते. ‘शी आस्क्ड द डॉक्टर’ म्हणजे तिने डॉक्टरांना विचारले. ‘शी आस्क्ड फॉर द डॉक्टर’ म्हणजे डॉक्टरांना बोलवा, असे तिने सांगितले. मध्ये एक ‘फॉर’ आला आणि डॉक्टर खोलीत असण्याऐवजी खोलीबाहेर गेले. रात्रपाळीच्या नोंदीत हा फरक किती मोलाचा आहे, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही.

तिसरे वळण ‘टू’चे आहे. ‘शी आस्क्ड मी टू क्लोज द विंडो’ याचा मराठी अर्थ ‘तिने मला खिडकी लावायला सांगितली’ असा होतो. मराठीत येथे ‘सांगणे’ येते, म्हणून आपल्या हातून सहज ‘शी टोल्ड मी टू क्लोज द विंडो’ असे लिहिले जाते. ते व्याकरणाने चूक नाही, पण ‘टोल्ड मी टू’ म्हणजे आज्ञा आणि ‘आस्क्ड मी टू’ म्हणजे सौजन्याने सांगणे. मराठीत ‘डॉक्टरांनी सांगितले’ यात आज्ञा, सूचना आणि विनंती तिन्ही सामावतात, इंग्रजीत मात्र निवड करावीच लागते. वरिष्ठाने एखादे काम करायला सांगितले असेल आणि त्यात हुकमाचा भाव नसेल, तर ‘आस्क्ड मी टू’ लिहावे. रुग्णाच्या बाबतीत तर ते जवळजवळ नेहमीच योग्य ठरते. आणि ज्याने विचारले तोच स्वतः काही करू इच्छितो, असे असेल तर मधले नाम गळून पडते: ‘द सन आस्क्ड टू सी द कन्सल्टंट’ म्हणजे मुलाने मोठ्या डॉक्टरांना भेटण्याची इच्छा व्यक्त केली.

चौथे शेपूट मला व्यक्तिशः फार आवडते, ते म्हणजे ‘आफ्टर’. ‘युअर ओल्ड पेशंट वॉज आस्किंग आफ्टर यू’ म्हणजे तुमचे जुने रुग्ण तुमची विचारपूस करत होते. आपल्या ‘विचारपूस’ या शब्दात ‘विचारणे’ आणि ‘पुसणे’ ही दोन्ही क्रियापदे शेजारी शेजारी बसलेली आहेत. ‘पुसणे’ म्हणजे विचारणे हा जुना अर्थ अभंगांतून आणि ओव्यांतून आपल्याला भेटतो आणि ‘त्याला कोण पुसतो?’ या बोलण्यात तो आजही जिवंत आहे.

मराठीतील ‘ला’ या प्रत्ययामुळे होणारी एक चूक मात्र कटाक्षाने टाळावी. ‘मी तिला विचारले’ यावरून ‘आय आस्क्ड टू हर’ असे लिहिले जाते. ‘आस्क’ला व्यक्ती थेट जोडतात, मध्ये ‘टू’ येत नाही: ‘आय आस्क्ड हर.’ त्याचप्रमाणे मराठीतील ‘की’ इंग्रजीत ओढून नेऊ नये. ‘त्यांनी विचारले की मुलगा कुठे आहे’ यासाठी ‘ही आस्क्ड दॅट व्हेअर इज हिज सन’ असे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. ते ‘ही आस्क्ड व्हेअर हिज सन वॉज’ असे हवे. ‘दॅट’ नको, आणि प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून सांगताना शब्दांचा क्रम साध्या विधानासारखा होतो. उत्तर हो किंवा नाही असे असेल, तर ‘व्हेदर’ किंवा ‘इफ’ येते: ‘ही आस्क्ड व्हेदर ही कुड गो होम.’ ‘आस्क्ड दॅट’ ही रचना इंग्रजीत आहे, परंतु तिचा अर्थ प्रश्न विचारणे असा होत नाही. ‘शी आस्क्ड दॅट हर डॉटर बी कॉल्ड’ म्हणजे मुलीला बोलावून घ्यावे अशी इच्छा तिने व्यक्त केली. ही रचना औपचारिक आहे आणि नोंदीत शोभून दिसते.

आता ‘रिक्वेस्ट’कडे वळू. हा शब्द सभ्य आहे, औपचारिक आहे आणि कागदोपत्री व्यवहारात रुळलेला आहे. रक्ततपासणीसाठी जो अर्ज भरतात, त्याला तेथे रिक्वेस्ट फॉर्म म्हणतात. ‘पेशंट रिक्वेस्टेड पेन रिलीफ’ हे वाक्य निर्दोष आहे. येथे ‘फॉर’ येत नाही, हे लक्षात घ्यावे. क्रियापद असताना ‘रिक्वेस्टेड पेन रिलीफ’ आणि नाम असताना ‘अ रिक्वेस्ट फॉर पेन रिलीफ’. आपल्याकडच्या अर्जांमध्ये ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ असे जे लिहिले जाते, ते या दोन रचनांची गल्लत झाल्यामुळे. आपल्या सहकाऱ्यांना विचित्र वाटलेली वाक्ये कोणती, हे आपण कळवलेले नाही, पण माझा तर्क असा की, त्यांत दोन प्रकार असावेत. एक म्हणजे ‘विचारणे’ या अर्थी ‘रिक्वेस्ट’ वापरणे. या शब्दाचा तो अर्थच नाही; ‘ही रिक्वेस्टेड व्हेअर द टॉयलेट वॉज’ हे वाक्य इंग्रजी होऊ शकत नाही. दुसरा प्रकार म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला कात्री मागितली आणि त्याला ‘रिक्वेस्ट’ म्हटले. त्यात चूक काही नसते, पण रोजच्या व्यवहाराला दरबारी पोशाख चढवल्यासारखे होते.

हे सगळे शब्द असे वेगवेगळे का वागतात, याचे उत्तर त्यांच्या कुळात सापडते, म्हणून थोडे विषयांतर करतो. इ.स. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर काही शतके राज्यकारभार, न्यायालये आणि उच्च वर्ग यांची भाषा फ्रेंच राहिली. घरातले शब्द जुन्या इंग्रजीचे राहिले आणि कचेरीतले शब्द फ्रेंचमधून व लॅटिनमधून आले. ‘आस्क’ हा घरातला शब्द आहे. ‘क्वेश्चन’, ‘रिक्वेस्ट’, ‘इन्क्वायर’ आणि ‘डिमांड’ हे कचेरीतले. मराठीतही मागणे आहे, याचना आहे आणि अर्जही आहे. एक बोलीतून वाढलेला, दुसरा संस्कृतमधून जसाच्या तसा घेतलेला आणि तिसरा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला. आईकडे आपण जेवण मागतो. आईला जेवणासाठी कोणी अर्ज करत नाही. शब्दांची निवड करताना ही मराठी जाण जशीच्या तशी उपयोगी पडते, फक्त ती इंग्रजीतही चालते हा विश्वास हवा.

याच्याही मागे गेलो तर एक सुंदर गोष्ट दिसते. ‘आस्क’ हा शब्द भाषाशास्त्रज्ञ ज्या मूळ धातूपर्यंत नेतात, त्याचाच वंशज संस्कृतमधील ‘इच्छति’ हा आहे, म्हणजे ‘आस्क’ आणि आपली ‘इच्छा’ ही दूरची भावंडे आहेत. ‘रिक्वेस्ट’, ‘क्वेश्चन’, ‘क्वेरी’ आणि ‘इन्क्वायर’ हे चारही शब्द लॅटिनमधील शोधणे या अर्थाच्या एकाच धातूपासून निघाले. आपले ‘मागणे’ हेदेखील संस्कृतमधील ‘मार्ग्’ म्हणजे शोधणे या धातूपासून आले आहे. आणि ज्या ‘पुसणे’चा वर उल्लेख केला, ते संस्कृत ‘पृच्छति’चे रूप आहे, त्याच मूळ धातूची लॅटिन शाखा इंग्रजीत ‘प्रे’ म्हणजे प्रार्थना करणे या रूपाने आली. मराठीत जो धातू विचारण्याकडे गेला, तो इंग्रजीत मागण्याकडे गेला. न्यायालयातील याचिकेच्या शेवटी अर्जदार जे मागतो, त्या भागाला वकील आजही ‘प्रेअर’ म्हणतात. म्हणजे विचारणे आणि मागणे यांची सरमिसळ एकट्या इंग्रजीनेच केलेली नाही. ती फार जुनी आहे.

आपल्या वॉर्डात कॅरिबियन वंशाचे सहकारी असतील, तर त्यांपैकी काहींच्या तोंडी ‘आस्क’ऐवजी ‘अॅक्स’ असा उच्चार आपण ऐकला असेल. तो चुकीचा आहे असे समजून त्यांना दुरुस्त करू नये. जुन्या इंग्रजीत दोन्ही रूपे नांदत होती आणि चौदाव्या शतकातील थोर कवी चॉसर यांच्या लेखनातही ‘अॅक्स’ हे रूप आढळते. पुढे प्रमाणभाषेने त्यांतील एकच स्वीकारले, इतकेच.

यादीतील उरलेल्या शब्दांविषयी आता थोडक्यात लिहितो. ‘इन्क्वायर’ म्हणजे माहितीसाठी औपचारिक विचारणा. ब्रिटिश लेखनात तो ‘ई’ या इंग्रजी अक्षराने सुरू केला तर साधी विचारणा आणि ‘आय’ या अक्षराने सुरू केला तर रीतसर चौकशी, असा भेद पुष्कळ जण पाळतात. कोविड साथीच्या हाताळणीची तेथे जी सार्वजनिक चौकशी चालली, तिच्या नावात ‘आय’ आहे. या क्रियापदाला व्यक्ती थेट जोडता येत नाही, म्हणून ‘आय इन्क्वायर्ड हिम’ असे लिहू नये. खरे सांगायचे तर नोंदीत या शब्दाची आपल्याला क्वचितच गरज पडेल.

‘क्वेश्चन’ हे नाम म्हणून निरुपद्रवी आहे, पण क्रियापद झाले की त्यात अविश्वास येतो. ‘द पोलीस क्वेश्चन्ड हिम’ म्हणजे पोलिसांनी त्याची चौकशी केली आणि ‘शी क्वेश्चन्ड द डोस’ म्हणजे औषधाच्या मात्रेबद्दल तिने शंका घेतली. जेव्हा आपल्याला खरोखरच शंका असेल, तेव्हा हाच शब्द योग्य आहे. त्याहून सौम्य आणि तेथील रुग्णालयांत नित्य वापरला जाणारा शब्द ‘क्वेरी’ हा आहे: ‘आय क्वेरीड द डोस विथ द डॉक्टर.’ निदानापूर्वी काढलेले प्रश्नचिन्हही ‘क्वेरी’ असेच वाचतात. ‘क्वेरी फ्रॅक्चर’ म्हणजे हाड मोडले असावे असा संशय आहे, अजून निश्चित झालेले नाही. ‘इंटरॉगेट’ पोलिसांच्या कोठडीतला शब्द आहे आणि रुग्णाच्या बाबतीत तो कधीही लिहू नये. अपवाद फक्त यंत्राचा: पेसमेकरमध्ये साठलेली माहिती उपकरणाने वाचून घेतात, त्याला तेथील तंत्रज्ञ ‘इंटरॉगेट’ करणे असेच म्हणतात. ‘बेग’, ‘प्लीड’, ‘इम्प्लोर’ हे शब्द विनवणीचे आहेत. रुग्णाने खरोखर गयावया केली असेल, तर तसे शब्द वापरण्यापेक्षा तो काय म्हणाला ते अवतरणचिन्हांत जसेच्या तसे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

एक धोका आपण विचारलेला नाही, तरी मी सांगितलाच पाहिजे, कारण तो आपल्या सगळ्यांच्या बोलण्यात दडलेला आहे. मराठीत आपण ‘शंका विचारतो’ आणि त्यावरून भारतीय इंग्रजीत ‘आय हॅव अ डाउट’ हे वाक्य तयार झाले. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मला काही विचारायचे आहे’ असा होतो. इंग्लंडमध्ये मात्र ‘डाउट’ म्हणजे विश्वास नसणे. ‘आय हॅव अ डाउट अबाऊट धिस डोस’ असे आपण डॉक्टरांना म्हणालात, तर ही मात्रा चुकलेली आहे असे आपले मत आहे, असा अर्थ ते घेतील. आपल्याला केवळ समजून घ्यायचे असेल तर ‘कॅन आय आस्क अबाऊट धिस डोस?’ असे म्हणावे, आणि मात्रा चुकली आहे असे खरोखरच वाटत असेल तर न कचरता ‘आय वाँट टू क्वेरी धिस डोस’ असे म्हणावे. या दोन वाक्यांतील अंतर रुग्णाच्या जिवाशी निगडित असू शकते.

उलट बाजूने, इंग्रज वृद्ध कसे मागतात हेही ओळखायला हवे. मराठीत आदर क्रियापदाच्या रूपातच असतो. ‘जरा पाणी देता का?’ यात वेगळे ‘प्लीज’ लागत नाही. इंग्रजीत तो आदर लांबणीने येतो. ‘आय वॉज वंडरिंग इफ आय माइट ट्रबल यू फॉर सम वॉटर’ असे एखादे आजोबा म्हणतात, तेव्हा त्यांना कशाचेही आश्चर्य वाटत नसते आणि ते कोणाला त्रासही देऊ इच्छित नसतात. त्यांना तहान लागलेली असते आणि ते मागण्यास संकोचत असतात. त्या पिढीतील अनेक जण वेदनाशामक गोळीदेखील अशाच आडवळणाने मागतात. असे वाक्य ऐकले तर नोंदीत ‘आस्क्ड फॉर’ असे स्पष्ट लिहावे, कारण त्यांच्या संकोचामुळे त्यांची गरज कागदावर लहान दिसता कामा नये. तसेच आपण काही देऊ केले आणि त्यांनी ते घेतले नाही, तर ‘रिफ्यूज्ड’पेक्षा ‘डिक्लाइन्ड’ बरे. पहिल्यात झिडकारणे आहे, दुसऱ्यात केवळ नको म्हणणे आहे.

आता आपल्या त्या नोंदीविषयी. होय, ती दुरुस्त करावी. महिना उलटला म्हणून ती सोडून देऊ नये, कारण ते गृहस्थ पुन्हा दाखल झाले, तर त्यांची फाइल उघडणारी नवी परिचारिका ते वाक्य वाचेल आणि त्यांना न भेटताच त्यांच्याविषयी मत बनवेल. जुनी नोंद खोडून नाहीशी करायची नसते, हे आपल्याला प्रशिक्षणात सांगितले असेलच. कागदी नोंद असेल तर मूळ शब्द वाचता येईल अशी एकच रेघ त्यावर मारून, शेजारी दुरुस्ती लिहून, दिनांक, वेळ आणि सही करावी. संगणकावरील नोंद असेल तर मूळ नोंद तशीच ठेवून तिला दुरुस्तीची पुरवणी जोडावी. त्याआधी प्रमुख परिचारिकेला भेटून त्या रुग्णालयाचा याविषयीचा नियम विचारून घ्यावा. तिच्याशी बोलताना दिलगिरीचे लांबलचक वाक्य योजण्याची गरज नाही. ‘आय यूज्ड द राँग वर्ड. ही ओन्ली आस्क्ड फॉर वॉटर, अँड ही वॉज व्हेरी पोलाइट’ एवढे पुरेसे आहे. ज्या स्त्रीने आपल्याला चारचौघांत न विचारता बाजूला घेऊन विचारले, ती हे नक्कीच समजून घेईल. आणि पुरवणीत, दोन्ही वेळा आपण पाणी दिले असेल तर, असे लिहावे: ‘करेक्शन टू माय अर्लिअर एन्ट्री: द पेशंट आस्क्ड फॉर वॉटर ट्वाइस ड्युरिंग द नाइट. वॉटर वॉज गिव्हन बोथ टाइम्स. ही वॉज पोलाइट थ्रूआउट.’